हप्ता किती ते नको, एकूण किती ते विचारा

दसरा-दिवाळी जवळ आली की तालुक्याच्या रस्त्यावर शोरूमचे फ्लेक्स लागतात. ‘शून्य डाउन पेमेंट, आजच गाडी घरी न्या!’ गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका वहिनींच्या दारात अशीच पहिली चारचाकी आली. पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले. चार महिन्यांनी वहिनी मासिक बैठकीला कर्जाचे कागद पिशवीत घालून आल्या. म्हणाल्या, “ताई, शोरूमवाले आठ टक्के बोलले होते. पण माझा हिशोब काही जुळेना.”

कर्ज होतं ५ लाखांचं, मुदत ५ वर्षं, हप्ता ११,६६७ रुपये. आठ टक्के खरेच होते, पण ते फ्लॅट रेटचे.

आपल्या गटात कसं असतं? दहा हजार घेतले, शेकडा दोन रुपयांनी पहिल्या महिन्याचं व्याज २०० झालं. पाच हजार मुद्दल फेडलं की पुढच्या महिन्यात व्याज १००. राहिलेल्या पैशावरच व्याज, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. फ्लॅट रेटमध्ये मात्र तुम्ही कितीही फेडा, व्याज शेवटपर्यंत पूर्ण ५ लाखांवरच लागतं. वहिनींच्या हप्त्यात दर महिन्याला मुद्दल ८,३३३ आणि व्याज ३,३३३. म्हणजे अगदी शेवटच्या महिन्यात देणं उरणार ८,३३३ आणि त्यावर व्याज ३,३३३! पाच वर्षांचं व्याज होतं २ लाख. हेच कर्ज राहिलेल्या मुद्दलावर दहा टक्क्यांनी घेतलं असतं, तर हप्ता साधारण १०,६२५ बसला असता आणि व्याज १ लाख ३७ हजारांच्या आसपास. म्हणजे इथे आठ टक्के महाग आणि दहा टक्के स्वस्त. वहिनींचा दर आपल्या गटाच्या पद्धतीने मोजला तर चौदा टक्क्यांच्या वर जातो.

शोरूममधला मुलगा पहिला प्रश्न विचारतो, “महिना किती झेपेल?” गोड बोलतो, पाणी-चहा देतो. तुम्ही म्हणालात आठ हजार, तर तो मुदत सात वर्षांवर नेतो. दहा टक्क्यांचंच ५ लाखांचं कर्ज सात वर्षांचं केलं तर हप्ता ८,३०० होतो, पण व्याज जातं १ लाख ९७ हजारांवर. शिवाय सीटकव्हर, कोटिंग, वाढीव वॉरंटी असं ४० हजारांचं सामान कर्जातच घालतात. सात वर्षांत त्याचे जवळजवळ ५६ हजार मोजावे लागतात. हवं असेल ते सामान रोखीने घ्या, नको ते बिलातून काढायला सांगा. विमाही शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचा भाव विचारून बघा. आणि कर्ज मिळवून दिल्याबद्दल विक्रेत्याला फायनान्स कंपनीकडून कमिशन मिळतं. त्यामुळे तो जी कंपनी पुढे करतो ती तुम्हाला स्वस्त पडेलच असं नाही. आपलं खातं आहे त्या बँकेत आधी जाऊन या.

आता एक कागद लक्षात ठेवा, ‘की फॅक्ट स्टेटमेंट’. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, नव्या कर्जाआधी हा कागद त्यांना द्यावाच लागतो, आणि तोही आपल्याला समजेल अशा भाषेत. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो. व्याज, प्रोसेसिंग फी सगळं धरून वर्षाला खरं किती टक्के पडतं ते त्यात दिसतं. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवले की फ्लॅटची जादू उतरते. त्या कागदावर नसलेलं शुल्क तुमची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय लावता येत नाही. त्यातल्या अटी निदान तीन कामाचे दिवस टिकतात. “ऑफर आजच संपते” म्हणाले तरी कागद घरी आणा.

वहिनींची सही सहकर्जदार म्हणून घेतली होती. “नुसती सही करा” असं सांगून कोऱ्या फॉर्मवर. मैत्रिणींनो, गाडी मुलगा चालवो की मालक, हप्ता थकला तर सहकर्जदार बाईचाही सिबिल बिघडतो आणि उद्या तिला म्हशीसाठी कर्ज मिळताना अडचण येते. कोऱ्या फॉर्मवर, कोऱ्या चेकवर सही करायची नाही. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्यायची.

वहिनींनी कर्ज बँकेत हलवायचं ठरवलं, तर मुदतीआधी फेडण्याचं शुल्क आडवं आलं. तोही आकडा सहीआधीच विचारायचा असतो. आणि कर्ज फिटलं की एनओसी व फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जा. आरसीवरचं फायनान्स कंपनीचं नाव आपोआप निघत नाही, आणि ते असेपर्यंत गाडी विकताना अडतं.

आता वहिनींच्या जाऊबाईंना गाडी घ्यायची आहे. पुढच्या बैठकीला त्या तीन ठिकाणचे कागद घेऊन येणार आहेत. सचिवताई, कॅल्क्युलेटर विसरू नका.