पाटलांसमोर कोण?

पळस्पे फाट्यावर मुंबईहून आलेला रस्ता दुभंगतो. एक पुण्याला जातो, दुसरा गोव्याला. हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण गणपतीत इथे अडकला नाही असा चाकरमानी विरळाच. फाट्यापासून थोडं आत सोमाटण्याकडे गेलं की रेल्वेचा रूळ लागतो. तो कुणी मुद्दाम बघत नाही. मला मात्र गेली वीस-पंचवीस वर्षं त्या रुळानं नादी लावलं आहे.

दिवा ते पनवेल हा लोहमार्ग 1964 सालचा. 1966 मध्ये तो आपट्यापर्यंत गेला. आपट्याची गाडी धावू लागली तेव्हा देशाचे रेल्वेमंत्री होते सदाशिव कानोजी पाटील, म्हणजे स. का. पाटील. हाच मार्ग 1986 मध्ये रोह्याला पोचला आणि रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे झाली. त्यासाठीचं महामंडळ 1990 साली स्थापन झालं, तेव्हा रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. आमच्या दारावरून जाणाऱ्या एकाच मार्गाशी या दोघांची नावं जोडलेली आहेत, आणि या दोघांतल्या एकानं दुसऱ्याला निवडणुकीत पाडलं होतं.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. आमचे थोरले काका, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मुंबई महापालिकेच्या पाणीखात्यात होते. दक्षिण मुंबईतल्या एका चाळीत दहा-बाराजणांच्या खोलीत राहायचे, सणासुदीला पळस्प्याला यायचे. जेवण झालं, पान लावलं की एक वाक्य हमखास निघायचं, "सदोबाला आमी पारला." सदोबा म्हणजे स. का. पाटील. आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'नं हे नाव घरोघर पोचवलं होतं. लहानपणी मला वाटायचं, अण्णांनी कुणाला तरी कुस्तीत पाडलं असेल. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. रेशनकार्डाच्या घडीत युनियनच्या वर्गणीची एक पावती होती. चार घड्या पडलेली, घड्यांवर फाटत आलेली, शाई फिकी होऊन जांभळट झालेली. पगाराच्या चिठ्ठ्या अण्णांनी जपल्या नव्हत्या, ही पावती जपली होती. ती पाहिली त्या दिवसापासून मी 1967 च्या मागे लागलो.

तेव्हाच्या महाराष्ट्राचं राजकारण वाचकांना ठाऊकच आहे, म्हणून एवढंच सांगतो. 1967 मध्ये विधानसभेच्या 270 जागांपैकी 203 काँग्रेसला मिळाल्या. तिच्या खालोखाल शेतकरी कामगार पक्ष, 19. पण काँग्रेसची मतं होती सुमारे 47 टक्के. निम्म्याहून कमी मतांत पाऊण विधानसभा! एकपक्षीय राज्य म्हणतात ते हे. लोक दुसऱ्याला मत देत नव्हते असं नाही, ते देत होते. पण समोर एक माणूस नव्हता, पाच होते. आणि पाचांतला एकही निवडून येईल यावर मत देणाराचाही विश्वास नव्हता.

मुंबईत हा विश्वास सर्वांत कमी होता, कारण तिथे स. का. पाटील होते. सावंतवाडीकडचा हा माणूस स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला, पुढे 1949 ते 1952 अशी सलग तीन वर्षं मुंबईचा महापौर झाला. मुंबई प्रदेश काँग्रेस त्यांच्या मुठीत होती. पक्षासाठी पैसा उभा करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. 1957 पासून ते केंद्रात मंत्री होते. अन्नखातं त्यांच्याकडे असताना मे 1960 मध्ये वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी आयसेनहॉवर यांच्याबरोबर पीएल-480 चा मोठा करार केला. चार वर्षांत 1 कोटी 70 लाख टन धान्य, त्यातला बहुतेक गहू. आमच्या घरांतून त्या तांबड्या गव्हाला नाकं मुरडली गेली, पण चुली त्यावरच पेटल्या, हेही लिहिलं पाहिजे.

मराठी मनात मात्र त्यांची जागा वेगळीच होती. नोव्हेंबर 1955 मध्ये चौपाटीवरच्या सभेत त्यांनी आणि मोरारजी देसाईंनी मुंबई महाराष्ट्राला मिळू देणार नाही अशी भाषा केली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. एक मराठी माणूस, तोही कोकणातला, असं बोलतो याचा घाव खोल गेला. तरीही 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काँग्रेसचे भलेभले वाहून गेले तेव्हा पाटील दक्षिण मुंबईतून निवडून आले. 1962 मध्ये पुन्हा आले. राग होता, कारण होतं, मतदारही होते. नव्हता तो माणूस.

माणूस शोधायचा म्हणजे काय करायचं? 1962 मध्ये मुंबईतच, दुसऱ्या एका मतदारसंघात, विरोधकांनी याचं एक उत्तर दिलं होतं. उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उभे होते. त्यांच्यासमोर देशातलं मोठ्यात मोठं नाव आणायचं ठरलं आणि आचार्य कृपलानी आले. गांधीजींचे जुने सहकारी, स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी काँग्रेसचे अध्यक्ष असलेले. वय 73. ते अपक्ष उभे राहिले, आणि मागे प्रजासमाजवादी, स्वतंत्र पक्ष, जनसंघ असे एकमेकांशी न पटणारे पक्ष. मेनन यांच्यासाठी स्वतः नेहरू प्रचाराला आले, कम्युनिस्ट राबले, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी काँग्रेसला झोडपणारे अत्रेही मेनन यांच्याच बाजूला होते. कृपलानींना मिळाली त्याच्या जवळजवळ दुप्पट मतं मेनन यांना पडली. पुढे सात-आठ महिन्यांत चीनचं आक्रमण झालं आणि मेनन यांना मंत्रिमंडळातून जावं लागलं. कृपलानी जे सांगत होते त्यात तथ्य होतं. पण कुर्ल्या-घाटकोपरच्या माणसाला रात्री अडचण आली तर कृपलानींकडे जायचं कसं, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

माझ्या मते या एका पराभवात सगळं आहे. नाव मोठं असलं की माणूस समर्थ उमेदवार ठरतो, हा सुशिक्षितांचा जुना गैरसमज. आजही तो गेलेला नाही.

जॉर्ज फर्नांडिस 1949 साली मुंबईत आले, तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. मंगळूरचे, पाद्री होण्यासाठी बेंगळुरूच्या सेमिनरीत घातलेले आणि तिथून बाहेर पडलेले. सुरुवातीच्या रात्री त्यांनी चौपाटीच्या बाकावर काढल्या. पुढे गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली ते तयार झाले. बंदराच्या कडेनं जाणारा पी. डिमेलो रोड आपण रोज वापरतो, तो रस्ता त्यांच्या नावाचा. डिमेलो 1958 मध्ये गेले आणि युनियनचा भार जॉर्ज यांच्यावर आला. पालिकेचे कामगार, टॅक्सीवाले, बेस्टवाले, हॉटेलातली पोरं. 1961 मध्ये ते नगरसेवक झाले. एक हाक दिली की शहर थांबायचं, म्हणून लोक त्यांना बंदसम्राट म्हणू लागले.

अण्णांची पावती इथे अर्थपूर्ण होते. या माणसांना जॉर्ज निवडणुकीत भेटले नव्हते. कुणाची बदली थांबवली होती, कुणाला बोनस मिळवून दिला होता, कुणाबरोबर पोलीस कोठडीत बसले होते. दर महिन्याला वर्गणी घ्यायला येणारा माणूस प्रत्येक चाळीत, प्रत्येक टॅक्सी स्टँडवर ओळखीचा होता. निवडणूक लागल्यावर पक्षाला जे जाळं विणावं लागतं ते इथे दहा-पंधरा वर्षं आधीच विणलेलं होतं. संयुक्त समाजवादी पक्षाला दक्षिण मुंबईत उमेदवार शोधावा लागला नाही. तो कामगारांच्या रोजच्या भांडणातून तयार झाला होता, आणि पक्षानं फक्त त्याच्या नावाची चिठ्ठी उघडली.

तरीही, 1966 च्या अखेरीस ही उमेदवारी कुणी गांभीर्यानं घेतली नव्हती. छत्तीस वर्षांचा नगरसेवक, समोर अडुसष्ट वर्षांचे रेल्वेमंत्री. पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वेंची मुख्यालयं याच मतदारसंघात. त्या प्रचारातली एक आठवण अनेकांनी सांगितली आहे. पत्रकारांशी बोलताना पाटील म्हणून गेले की, आपल्याला देवही हरवू शकणार नाही. जॉर्ज यांच्या माणसांनी ते वाक्य उचललं आणि मतदारांना उद्देशून भित्तिपत्रकं लावली. आशय एवढाच, की देवाला जमत नसेल, पण तुम्हाला जमेल. तुम्ही स. का. पाटलांना हरवू शकता.

या भित्तिपत्रकाला मी फार मोठं मानतो. त्यात जॉर्ज किती चांगले हे नाही. पाटील किती वाईट हेही नाही. वर्षानुवर्षं एकाच माणसाला निवडून आलेलं पाहिलं की मतदाराच्या मनात एक गाठ बसते, 'माझ्या एकट्याच्या मतानं काय होणार?' त्या गाठीला थेट हात घालणारं दुसरं काही मला त्या काळच्या प्रचारात सापडलं नाही. अण्णा सांगायचे, सकाळी पाण्याच्या टाकीवर कामाला जाताना भिंतीवर ते वाचलं आणि आपण उघड्यावर कुणाशी तरी बोललो असं वाटलं.

आणखी एक गोष्ट त्या निवडणुकीत घडली, ती मला अजून अचंब्यात टाकते. मेनन हे महाराष्ट्राबाहेरचे, असं म्हणून मुंबई काँग्रेसनं 1967 मध्ये त्यांना तिकीट नाकारलं. ते अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. नुकतीच स्थापन झालेली शिवसेनाही त्यांच्या विरोधात होती. म्हणजे 'बाहेरचा' हा शब्द त्या हंगामात मुंबईत चालत होता. पण त्याच फेब्रुवारीत, त्याच शहरात, मंगळूरच्या ख्रिश्चन माणसानं सावंतवाडीकडच्या मराठी पाटलांना पाडलं. बाहेरचा कोण, हे दक्षिण मुंबईच्या मतदारानं जन्मगावावरून ठरवलं नाही.

फरक सुमारे 30 हजार मतांचा होता. निवडणूक आयोगाच्या अहवालातली ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो. जॉर्ज यांना सुमारे 48 टक्के, पाटलांना 39 च्या आसपास, बाकी सगळ्यांना मिळून उरलेलं. मतं फुटली नाहीत, एका माणसामागे गोळा झाली. त्याच निवडणुकीत तामिळनाडूत कामराज आणि बंगालमध्ये अतुल्य घोषही पडले. कामराजांना तर एका विद्यार्थी नेत्यानं हरवलं. काँग्रेस चालवणारं या नेत्यांचं सिंडिकेट मतपेटीतच खिळखिळं झालं.

आता घरचं बघू. आमचा पनवेल तालुका काँग्रेसच्या राज्यात राहूनही वेगळा. इथे लाल बावटा. 1957 मध्ये जासईचे तरुण वकील दिनकर बाळू पाटील शेकापतर्फे विधानसभेत गेले. ते पाचदा आमदार आणि 1977 व 1984 असे दोनदा खासदार झाले. 1984 च्या जानेवारीत सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या लढ्यात पाचजण गोळीबारात गेले, आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क त्यातून उभा राहिला. इथल्या घराघरांत 'दिबा' म्हणतात ते उगाच नाही. पण पक्ष रुजला की तोच बालेकिल्ला होतो. शेकापच्या खटाऱ्याच्या चिन्हासमोर काँग्रेसनं किती उमेदवार दिले, टिकलं कुणी नाही. 2009 मध्ये ती सद्दी मोडली, आणि ती मोडणारा उमेदवार कुठून आला? शेकापच्याच अंगणातून. रामशेठ ठाकूर शेकापतर्फे 1998 आणि 1999 मध्ये खासदार झाले होते. त्यांचे पुत्र प्रशांत ठाकूर 2009 मध्ये काँग्रेसकडून पनवेलचे आमदार झाले, आणि 2014 पासून भाजपकडून निवडून येत आहेत. उमेदवार मुंबईहून किंवा दिल्लीहून आणावा लागला नाही, याची नोंद घ्यायला हवी. गावोगावच्या लग्नाकार्यात, ग्रामपंचायतीत, शाळांत ज्यांची ऊठबस होती त्यांनीच ते केलं.

नावाचं म्हणाल, तर आमच्या रायगडात नावालाच नाव उभं राहतं. 2014 च्या लोकसभेत सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले, आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला 9,849 मतं पडली होती.

2024 च्या विधानसभेत 288 पैकी 230 जागा एका युतीला मिळाल्या. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाला 20. माझ्याकडे येणारी तरुण मंडळी विचारतात, आता यांच्यासमोर कोण उभं करायचं? एखादा निवृत्त न्यायाधीश, एखादा नट, एखादा सनदी अधिकारी सुचवतात. मी त्यांना आधी अण्णांची पावती दाखवतो. महिन्याच्या महिन्याला तुमच्या दारात कोण येतं, ते सांगा म्हणतो.

पाटील पुढे 1969 मध्ये गुजरातेतल्या बनासकांठातून पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत परतले. मुंबईनं त्यांना पुन्हा घेतलं नाही. 1981 मध्ये ते गेले. चर्नी रोडला त्यांच्या नावाचं उद्यान आहे. जॉर्ज ज्या चौपाटीवर झोपले ती तिथून चालत काही मिनिटांवर. आणि जॉर्ज? ज्या दक्षिण मुंबईनं त्यांना डोक्यावर घेतलं, तिनंच 1971 मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत त्यांना पाडलं. पुढे त्यांचं राजकारण बिहारमध्ये गेलं. 1977 मध्ये तुरुंगातूनच ते मुझफ्फरपूरहून निवडून आले.

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. अण्णा तेव्हा थकले होते. त्यांना सोमाटण्याच्या बाजूला रुळाजवळ नेलं होतं. गाडी गेली, ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग नेहमीसारखं 1967 चं सगळं सांगितलं, भिंतीवरच्या अक्षरांपासून मिरवणुकीपर्यंत. मी विचारलं, "आणि 1971 ला मत कोणाला दिलं, अण्णा?" त्यांनी टोपी सारखी केली आणि चला म्हणाले. ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.