‘करून राह्यला’ आणि इंग्रजीचं व्याकरण



मागच्या वर्षी एका पालकांनी मला गाठून विचारलं, "सर, पोराच्या इंग्रजीच्या वहीत कितीतरी पानं कोरी आहेत. तुम्ही वर्गात नुसतं खेळवूनच राह्यले का?" प्रश्न रास्त होता. वहीकडे मी शेवटी येतो. आधी त्यांच्या वाक्यातल्या ‘खेळवून राह्यले’ या दोन शब्दांकडे बघा, कारण इंग्रजीतला एक अख्खा काळ त्यात बसला आहे.

‘ही ईट्स’ आणि ‘ही इज ईटिंग’ यांतला फरक शिकवताना आपण फळ्यावर व्याख्या लिहितो. मुलं ती पाठ करतात आणि पेपरात चुकतात. पुस्तकी मराठीची इथे फार मदत होत नाही. "काय करतोस?" असं विचारलं तर "जेवतो" असं उत्तर येतं, ते रोजचं की आत्ताचं, हे प्रसंगावरून कळतं. पण आपल्या केळझरकडची पोरं असं बोलत नाहीत. ‘तो रोज सायकलनं येते’ हे वेगळं आणि ‘तो येऊन राह्यला’ हे वेगळं. फरक त्यांच्या जिभेवर आधीच तयार आहे. आणि आपण काय करतो? ‘शुद्ध बोल’ म्हणून तोच पुसून टाकतो! मीही बरीच वर्षं पुसला.

आता मी हा खेळ घेतो. एक मूल पुढे येऊन न बोलता कृती करतं: झाडणं, कापूस वेचणं, हापशीनं पाणी काढणं. वर्ग विचारतो, "काय करून राह्यला?" उत्तर इंग्रजीतच द्यायचं: "ही इज स्वीपिंग." मी मध्येच ‘रोज’ लिहिलेली चिठ्ठी वर धरतो. लगेच वाक्य बदललं पाहिजे: "ही स्वीप्स." पुन्हा ‘आत्ता’ची चिठ्ठी. दहा मिनिटांत पंधरा-वीस मुलांची तोंडं उघडतात. एरवी इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसणारं मूलसुद्धा नक्कल करायला पुढे येतं, कारण नक्कल करणाऱ्याला बोलावं लागत नाही. दोन-तीन दिवसांनी ते आपणहून उत्तरही देऊ लागतं.

एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. आपण ‘मले समजून राह्यलं’ असंही म्हणतो, म्हणून मुलं ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम नोइंग’ करतात. हाताने करून दाखवता येत नाही असं क्रियापद आलं की थांबायचं, एवढा ढोबळ नियम मी देतो. नो, वाँट, लाइक यांची नक्कल करून दाखवा म्हटलं की मुलं अडतात आणि हसतात. नियम शंभर टक्के खरा नाही, पण सहावी-सातवीला पुरतो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ‘डज’च्या. ‘डज शी ईट्स?’ हे वाक्य मी इतक्या वह्यांत लाल केलंय की विचारू नका. कारण सोपं आहे. मराठीत ‘ती भाकरी खाते’ला शेवटी ‘का’ लावला की प्रश्न झाला. क्रियापद जागचं हलत नाही. इंग्रजीत क्रियापदाचा ‘एस’ उठून दुसरीकडे जातो. हे बोलून समजत नाही, दिसावं लागतं.

म्हणून वर्गात एकच टोपी आणायची. तिच्यावर कागद चिकटवून ‘एस’ लिहायचा. तीन मुलं ओळीत उभी: ‘शी’, ‘ईट’, ‘भाकरी’. टोपी ‘ईट’च्या डोक्यावर, म्हणून ‘शी ईट्स भाकरी’. आता प्रश्न करायचा. ‘डू’ नावाचं चौथं मूल पळत येऊन सगळ्यांच्या पुढे उभं राहतं आणि ‘ईट’ची टोपी काढून स्वतः घालतं. ‘डू’चा झाला ‘डज’, आणि ‘ईट’ उघड्या डोक्याचा राहिला. नकार करायचा असेल तर ‘डू’ आणि ‘नॉट’ दोघं मिळून ‘शी’च्या मागे शिरतात; टोपी तरीही ‘डू’कडेच. ‘शी’च्या जागी ‘दे’ आला की टोपी सरळ सरांच्या खिशात. हे चार-पाच वेळा झालं की फळ्यावर ‘डज शी ईट्स’ लिहून बघा. मुलंच ओरडतात, "सर, दोन टोप्या!" माझ्या वर्गात व्याकरणाचा हा शब्दच झाला आहे. वही तपासताना मीही समासात ‘दोन टोप्या’ एवढंच लिहितो.

याच ओळीत शब्दांचा क्रमही होऊन जातो. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत मध्ये. ‘ईट’ला ओळीच्या टोकावरून मध्ये चालत आणायचं, बस.

भूतकाळासाठी गावातच गोष्ट आहे. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, इथेच भीमानं बकासुराला मारलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. गोल बसून प्रत्येकानं इंग्रजीत एकेक वाक्य जोडायचं. गाडाभर अन्न, बैल, राक्षस, भीमानं ते अन्न स्वतःच खाणं, सगळं मुलांना पाठ. एकदा एकानं ‘गो’ला ‘ईडी’ लावला: "भीम गोड टू बकासुर." सगळा वर्ग लोळला. भीम गोड झाला! त्यानंतर ‘वेन्ट’ कोणी विसरलं नाही. चुकलं तर मी मध्ये तोडत नाही. पुढच्या मुलानं आधीचं वाक्य दुरुस्त करून मग आपलं जोडायचं.

‘इन, ऑन, अंडर’साठी डबा आणि गोटी पुरे. मराठीत ‘डब्यात’ असं मागे लागतं, इंग्रजीत पुढे येतं, एवढं सांगून खेळ सुरू करा.

करत करत शिकण्याची ही गोष्ट वर्ध्याला नवी नाही. 1937 साली इथेच शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम पुढे आली. त्या योजनेत सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेतून होतं, इंग्रजी नव्हतीच. आज 2000 सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. शिकवायचीच आहे तर घरच्या बोलीला हाताशी धरून का नाही?

आता ती कोरी वही. त्या पालकांची तक्रार मी मानली. खेळ झाला की शेवटची दहा मिनिटं राखून ठेवतो. खेळात आपण स्वतः बोललेली पाच वाक्यं मुलं लिहितात. फळ्यावरून उतरवायची नाहीत. पानं आता भरतात, चुकांसकट. पालकहो, घरी वही उघडलीत तर आधी लाल खुणा मोजू नका. स्वयंपाक चालू असताना नुसतं विचारा, "आई काय करून राह्यली?" आणि उत्तर इंग्रजीत मागा.