भीतीवर उपायही हवा, अभ्यासही हवा: समुपदेशनाची सांगड

दहावीच्या गणिताच्या पेपरात पहिलंच उदाहरण अडलं की काही मुलांना पुढचं येत असलेलंही सुचेनासं होतं. ‘आता संपलं’ हा विचार डोक्यात शिरतो आणि सूत्र आठवायला लागणारं लक्ष गिळून टाकतो. अशा मुलाला आपण एकतर अभ्यासाचं वेळापत्रक करून देतो, नाहीतर ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून पाठीवर हात ठेवतो. यातलं एकेकटं पुरत नाही. संशोधक रे हेम्ब्री यांनी १९८८ मध्ये परीक्षेच्या भीतीवरच्या ५६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नुसती अभ्यासकौशल्यं शिकवल्याने भीती हटत नाही, जोडीला दुसरा उपचार लागतो, असं त्यांना आढळलं. आणि भीती कमी झाली की गुणही सुधारतात.

असं का व्हावं? मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने बाजी मारली ती वाचलेलं आठवून लिहिणाऱ्यांनी. म्हणजे पुस्तक मिटून स्वतःची चाचणी घेणं उत्तम. पण धास्तावलेल्या मुलाला न आठवलेली प्रत्येक ओळ ‘मला जमतच नाही’ याचा पुरावा वाटते, आणि ते पुन्हा पुस्तक उघडून बसतं. इथे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कामी येते. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. ‘नापास झालो तर मी कुचकामी’ या वाक्यातलं नापास होणं वाईट खरं, पण ‘कुचकामी’ कुठून आलं, हे मुलालाच तपासायला लावायचं. अर्थात, हे वाक्य मुलाने बोलून तरी दाखवायला हवं! मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी भर दिला तसं, निवाडा न करता कोणी ऐकून घेतल्याशिवाय ते बोलत नाही. उलट, तयारीच कच्ची असेल तर भीतीला आधार आहे. तिथे विचार बदलून भागणार नाही, अपूर्णांकच शिकवावे लागतील.

पद्धतींची अशी खिचडी केली तर धड एकही नीट येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मूल नेमकं कुठे अडलंय ते आधी पाहायचं आणि त्यावरून साधन निवडायचं. राहिला प्रश्न शाळेत समुपदेशक नसण्याचा. गंभीर त्रासासाठी तज्ज्ञच हवा, त्याला पर्याय नाही. पण तासाच्या शेवटी पाच मिनिटांची बिनगुणांची चाचणी घेणं, चुकलेलं उदाहरण फळ्यावर सगळ्यांनी मिळून सोडवणं आणि चुकलेल्याला न हिणवणं कोणत्याही शिक्षकाला उद्यापासून करता येईल.