पाल्याचा अर्क आणि शरीरातील कोलॅजन

आमच्या वडीलबंधूंच्या पायाची जखम गेल्या पावसाळ्यात दोन महिने झाले तरी भरून येईना. तेव्हा एका स्नेह्याने ‘हा ब्राह्मीच्या पाल्याचा अर्क, याने कोलॅजन वाढते’ असे सांगून एक महागडी बाटली आणून दिली. आम्ही पडलो बँकेतले कारकून, त्यातून कला शाखेचे. कोलॅजन म्हणजे काय येथपासूनच सुरुवात! चार पुस्तके चाळून व डॉक्टरांना विचारून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या शरीरातील प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा कोलॅजनचा असतो. कातडी, हाडे, रक्तवाहिन्या यांना बळकटी देणारा हा धागा. तो तीन पेडी दोरासारखा वळलेला असतो, हे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ साली मांडले. हे पेड पक्के बसण्यास ‘क’ जीवनसत्त्व लागते. ते फार काळ मिळाले नाही तर हिरड्यांतून रक्त येते, जुन्या जखमाही उकलतात. पूर्वी दर्यावर्दी खलाशांना होणारा स्कर्व्ही तो हाच.

आता बाटलीकडे वळू. त्या अर्कातली वनस्पती म्हणजे ओलसर बांधावर पसरणारी मंडूकपर्णी; तिलाही लोक ब्राह्मी म्हणतात. श्रीलंकेत ती रोजची पालेभाजी आहे. मद्रासच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिचा अर्क उंदरांना पोटातून व जखमेवर लावून दिला. जखमेतील कोलॅजन वाढले व ती लवकर भरली, असे त्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केले. (चामड्याची संस्था यात कशी? कातडे म्हणजे मुख्यत्वे कोलॅजनच. हिरड्याच्या नाहीतर बाभळीच्या सालीच्या पाण्यात ते कमावणारे आमचे कारागीर वनस्पतीचा अर्क कोलॅजनवरच चालवीत होते.)

परंतु कोलॅजन वाढले की बरेच झाले, असे नव्हे. जखमेत हवा असणारा हाच धागा यकृतात अति साठला की यकृत निबर होते. शिवाय उंदराची ताजी जखम वेगळी आणि मधुमेही माणसाची चिघळलेली जखम वेगळी. याच वनस्पतीच्या गोळ्या घेणाऱ्या अर्जेंटिनातील तीन स्त्रियांना कावीळ झाल्याची नोंद २००५ साली झाली आहे.

लोणावळ्याच्या बाजारात मावळच्या बाया शेवग्याचा पाला घेऊन बसतात. शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे शंभर मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम. मात्र ते उष्णतेने घटते व पाण्यात उतरते. म्हणून पाला आधी धुवावा, मग चिरावा, थोड्या पाण्यात झाकून झटपट शिजवावा. उकळून पाणी फेकण्याची खोड आमच्या घरीही होती.

बंधूंची साखर तपासली तेव्हा तीनशेच्या वर निघाली. साखर आटोक्यात आली, रोज मलमपट्टी झाली, तेव्हा कुठे दिवाळीच्या सुमारास जखम मिटली. निम्मी बाटली अजून फडताळात आहे.