विश्लेषण : हेडफोनच्या आवाजाला कमाल मर्यादा घातली तरी कानांचा धोका का टळत नाही?

मोबाइलवर गाणी ऐकताना आवाज वाढवत नेला की एका टप्प्यावर पडद्यावर सूचना झळकते. याहून मोठ्या आवाजात दीर्घकाळ ऐकल्यास श्रवणशक्तीला इजा होऊ शकते, असे ती सांगते. बहुतेक जण ती पूर्ण न वाचताच ‘ओके’ दाबून मोकळे होतात. या सूचनेमागे युरोपातील जवळपास दोन दशकांची नियमांची खटपट आहे.

आयपॉड दुकानांतून का हटवावे लागले?

खिशात मावणारा वॉकमन १९७९ मध्ये बाजारात आला आणि संगीत थेट कानात शिरले. फ्रान्सने १९९६ मध्ये कायदा करून अशा उपकरणांच्या आवाजाला १०० डेसिबलची कमाल मर्यादा घातली. अ‍ॅपलचा आयपॉड ती ओलांडत असल्याने २००२ मध्ये तेथील दुकानांतून तो काढून घ्यावा लागला. सॉफ्टवेअर बदलून आवाज कमी केल्यावरच विक्री पुन्हा सुरू झाली.

अमेरिकेत अशी मर्यादा नव्हती. तिथे २००६ मध्ये एका ग्राहकाने खटला गुदरला. आयपॉडचा आवाज ११५ डेसिबलपर्यंत जातो, असा त्याचा आरोप होता. त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीने कमाल आवाज स्वतः ठरवण्याची आणि पालकांना तो सांकेतिक क्रमांकाने बंदिस्त करण्याची सोय दिली. खटला मात्र टिकला नाही. २००९ च्या अखेरीस अपील न्यायालयानेही तो फेटाळला. आवाज मोठा करता येतो, एवढ्यावरून वस्तू सदोष ठरत नाही. शिवाय ऐकू येणे कमी झाल्याचा दावा कोणी केलेलाच नव्हता.

या तर्कात एक अडचण आहे. हे नुकसान लक्षात येईपर्यंत वर्षे उलटून गेलेली असतात.

कानात नेमके काय होते?

अंतर्कर्णात जन्मतः सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करण्याचे काम त्यांचे. मोठ्या आवाजाने त्या थकतात. विश्रांती मिळाली तर सावरतात, वारंवार मारा झाला तर मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी फटका बसतो तो उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशींना. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजने निसटू लागतात. समोरच्याचा आवाज येतो, पण शब्द कळत नाही. काहींच्या कानात सतत शिट्टी वाजत राहते.

१०० डेसिबल सुरक्षित आहे का?

डेसिबलचे गणित साधे वाटते तसे नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की ध्वनिऊर्जा दुप्पट होते, पण कानाला तो जेमतेम वाढल्यासारखा वाटतो. दुप्पट मोठा भासण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि तोवर ऊर्जा दहापट झालेली असते. कारखान्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास काम चालते. याच हिशेबाने १०० डेसिबलसाठी मिळतात फक्त १५ मिनिटे. म्हणजे फ्रान्सच्या मर्यादेत बसणारा आयपॉडही पूर्ण आवाजात तासभर ऐकला तर दिवसाचा वाटा चौपट ओलांडला जातो.

युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २००८ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. आठवड्याला ५ तास ८९ डेसिबलहून मोठ्या आवाजात ऐकणे हे कामगारांसाठीच्या नियमांपलीकडचे असल्याचे तिने सांगितले. मोठ्या आवाजात रोज तासाहून अधिक आणि किमान ५ वर्षे ऐकणाऱ्यांपैकी ५ ते १० टक्के जणांना कायमच्या बहिरेपणाचा धोका असल्याचा इशाराही दिला. त्यातून नवे मानक आले. त्यानुसार उपकरण आपणहून ८५ डेसिबलवर थांबते. पुढे जायचे तर सूचना मान्य करावी लागते, कमाल पातळी १०० राहते आणि २० तासांच्या ऐकण्यानंतर सूचना पुन्हा येते. पण ‘ओके’ दाबण्याची सवय लागायला २० तास कशाला हवेत?

मग उपाय कोणता?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९ मधील मानकाने एकाच कमाल आकड्याऐवजी आठवड्याच्या मात्रेचा हिशेब मांडला. मोठ्यांसाठी ८० डेसिबल आणि ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबल आणि ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. मोठ्यांना ८९ डेसिबलवर ५ तास मिळतात, तर १०१ डेसिबलवर आठवडाभराचा कोटा सुमारे १९ मिनिटांत संपतो. आयफोनसह अनेक फोन आता अशी नोंद ठेवतात. मात्र फोन एका कंपनीचा आणि इयरबड दुसरीचे असतील, तर कानात प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो हे फोनला अंदाजानेच ठरवावे लागते. ‘६० टक्के आवाज, ६० मिनिटे’ हा लोकप्रिय सल्लाही इथेच लंगडा पडतो. एका फोनवरचे ६० टक्के दुसऱ्यावर तेवढेच असतील याची खात्री नाही.

भारतातील स्थिती काय?

आपल्याकडे आवाजाचा वाद मुख्यतः डीजे आणि ध्वनिक्षेपकांवर होतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची पातळी ठरलेली आहे. ती परिसरातील आवाजाची. कानात वाजणाऱ्याची नव्हे. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये हेडफोन ५० डेसिबलच्या आत आणि दिवसाला २ तासांपर्यंत वापरण्याचा सल्ला दिला. पण नेहमीचे बोलणेच सुमारे ६० डेसिबलचे असते. खिडक्या उघड्या असलेल्या लोकलमध्ये ५० डेसिबलवर गाणे ऐकूच येणार नाही.

खरी मेख तिथेच आहे. भोवतीचा गोंगाट जितका मोठा, तितका गाण्याचा आवाज वर न्यावा लागतो आणि फलाटावर उतरल्यावर तो कमी करायचे राहून जाते. बाहेरचा आवाज अडवणारे घट्ट बसणारे इयरबड किंवा गोंगाट कापणारे हेडफोन इथे उपयोगी पडतात. प्रवासात बसल्या जागीच. रूळ किंवा रस्ता ओलांडताना नव्हे.

मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक हेडफोनवर ‘कमाल ८५ डेसिबल’ असे छापलेले असते. खोका पाहून पालक निश्चिंत होतात. मुलांसाठीच्या ७५ डेसिबलच्या हिशेबाने, पूर्ण आवाजात त्यांचा आठवड्याचा कोटा साधारण ४ तासांत संपतो. सुट्टीत कार्टून बघणाऱ्या मुलाला त्यासाठी एक दुपार पुरते.