पैसे जंगलाचे नव्हेत, सोयींचे

अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांत नुसतं भटकायला सहसा पैसे पडत नाहीत. 2004 च्या केंद्रीय कायद्यानुसार आखलेलं पार्किंग, पक्कं शौचालय, कचरापेटी, माहितीफलक, पिकनिकची टेबलं आणि सुरक्षाव्यवस्था या सहाही गोष्टी असतील, तरच सहसा दिवसभराच्या वापराचं साधं शुल्क लावता येतं. सोयी न वापरता पायी निघून जाणाऱ्याकडून ते घेता येत नाही. जमा रकमेतला 80 टक्के वाटा साधारणपणे त्याच भागासाठी राहतो, ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते.

वॉशिंग्टन-ऑरेगनमध्ये या शुल्कासाठीचा नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास दिवसाला 5, वर्षाला 30 डॉलर. तो गाडीच्या पुढच्या काचेतून दिसला पाहिजे. ज्येष्ठांचा सवलतीचा पास 62 वर्षं किंवा त्यापुढच्या वयाच्या अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतो. मुलांकडे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना नाही.