पशुवैद्यकाची पारख: मीरा-भाईंदरच्या संदर्भात

पाळीव प्राण्यासाठी पशुवैद्यक निवडताना मीरा-भाईंदरच्या रहिवाशाला दोन अंतरांचा हिशेब मांडावा लागतो: घरापासून दवाखान्यापर्यंतचा आणि त्या दवाखान्यापासून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा. २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहरात प्राण्यांचे बहुतेक दवाखाने निवासी इमारतींच्या तळमजल्यावरील गाळ्यांत चालतात, तर उच्च दर्जाच्या उपचारांची ठिकाणे मुंबईत आहेत. १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्या शेजारचे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय ही दोन्ही परळला, आणि टाटा ट्रस्ट्सचे २०२४ मध्ये सुरू झालेले रुग्णालय महालक्ष्मीला. दहिसर चेकनाक्यावरची कोंडी ओलांडून हे तीस-पस्तीस किलोमीटर कापावे लागत असल्याने, आजार किती थांबू शकतो आणि किती नाही, हे वेळेवर ओळखणारा डॉक्टर जवळ असणे या शहरात विशेष महत्त्वाचे ठरते.

पहिली कसोटी नोंदणीची. पशुवैद्यकशास्त्राची पदवी, म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., एका वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांत पूर्ण होते, आणि भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ अन्वये नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करता येतो. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्यांना राज्य शासनाने ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा तेवढ्या देता येतात, आणि त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. त्यामुळे प्राण्यांच्या दुकानातील विक्रेत्याने किंवा केस कापणाऱ्या ग्रूमरने ‘लगे हाथ’ टोचलेली लस स्वस्त पडली तरी तिची जबाबदारी घेणारे कोणी नसते. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे पाहणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे.

नोंदणीने पात्रता कळते, कौशल्य मात्र तपासणीच्या टेबलावर दिसते. रुग्ण बोलत नसल्यामुळे पशुवैद्यकाची तपासणी मालकाने सांगितलेल्या हकिगतीपासून सुरू होते: खाणे केव्हा सुटले, उलटीत काय पडले, लघवी शेवटची कधी झाली. त्यानंतर वजन घेतले जाते, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि अंदाजाने धरलेले वजन लहान जातीच्या कुत्र्याला किंवा मांजरीला महागात पडू शकते. तापमान गुदद्वारातून मोजतात. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाच्या मानाने जो ताप वाटेल तो कुत्र्याच्या बाबतीत ताप नसतो. मग डॉक्टर ओठ उचलून हिरडीवर बोट दाबतात आणि पांढरा पडलेला ठिपका पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाहतात. हा वेळ दोन सेकंदांहून अधिक असल्यास रक्ताभिसरण मंदावल्याची शंका घेतली जाते. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर ती लगेच पूर्ववत झाली नाही तर शरीरातील पाणी कमी झाल्याचा तर्क करतात. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि गुडघ्यामागे बोटे फिरवून लसिका ग्रंथी सुजल्या आहेत का, हे चाचपतात. ही सारी तपासणी काही मिनिटांतच आटोपते. पण ती न करता, प्राणी मालकाच्या कडेवर असतानाच चिठ्ठी लिहिली जात असेल, तर तो दवाखाना बदलण्याचा विचार करावा.

लसीकरणातूनही डॉक्टरची पद्धत उघड होते. पार्व्हो, म्हणजे रक्ती जुलाब घडवणारा विषाणुजन्य आजार, आणि डिस्टेंपर यांवरील लस पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा द्यावी लागते, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे सुरुवातीच्या लसीचा प्रभाव मारतात आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असते. हा क्रम समजावून सांगणारा आणि रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात व त्यानंतर पुन्हा ठरलेल्या मुदतीला देणारा डॉक्टर ग्राहकाला विनाकारण फेऱ्या मारायला लावत नसतो. लसी दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात, म्हणून वीज गेल्यावर फ्रिजचे काय होते, हा प्रश्न संकोच न करता विचारावा. कुपी मालकासमोर फोडली जाते का आणि तिच्यावरचे लेबल काढून लसीकरण पुस्तिकेत चिकटवले जाते का, हेही पाहावे, कारण त्या लेबलावर लसीचा बॅच क्रमांक व मुदत असते.

या शहराच्या भूगोलाचे स्वतःचे आजारही आहेत. खाडी, मिठागरे आणि पावसाळ्यात तुंबणारे सखल रस्ते यांमुळे उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका राहतो; तो माणसालाही होतो, आणि त्यावरील लसीचे संरक्षण वर्षभरच गृहीत धरायचे असते. गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिया व एर्लिचिया या आजारांत, ज्यांना सर्रास ‘टिक फीव्हर’ म्हणतात, कानाच्या टोकाला सुई टोचून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्या पट्टीत जंतू दिसले नाहीत म्हणून आजार नाहीच, असे ठरत नाही, तेव्हा रक्तातील प्लेटलेट्सची संख्या आणि लक्षणे जोडून निष्कर्ष काढावा लागतो. ‘पट्टीत काही नाही, पण मला शंका आहे’ असे सांगणाऱ्या डॉक्टरचा भरवसा हमखास निदान ठोकणाऱ्यापेक्षा अधिक वाटावा.

मांजरींबाबत वेगळी चौकशी करणे आवश्यक असते. त्यांना पॅरासिटामॉलची छोटी मात्राही प्राणघातक ठरू शकते, आणि बोक्याचा मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांतच जिवावर बेतते. वारंवार वाळूत बसणारा बोका बद्धकोष्ठतेने त्रस्त आहे, असे समजून थांबणे ही नेहमी घडणारी चूक आहे. म्हणून मांजरी नित्य पाहणारा डॉक्टर निवडावा, आणि रात्री किंवा रविवारी अशी वेळ आली तर कोठे जायचे, हे त्याला आधीच विचारून ठेवावे.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत तर प्रश्न नेमके असावेत: भूल देण्याआधी रक्ततपासणी होते का, शिरेत सलाईनची सुई आणि श्वासनलिकेत नळी घालतात का, शुद्ध येईपर्यंत प्राण्याजवळ कोण असते, खर्चाचा अंदाज लेखी मिळतो का. गाळ्यातल्या दवाखान्यात नसबंदी उत्तम होऊ शकते, पण मोडलेल्या मांडीत प्लेट बसवणे किंवा रात्रभर प्राणवायूवर ठेवणे तेथे जमेलच असे नाही. जो डॉक्टर हे स्वतःहून सांगतो, तपासण्यांचे अहवाल आणि आतापर्यंत दिलेल्या औषधांची नोंद मालकाच्या हाती ठेवतो आणि परळला किंवा महालक्ष्मीला वेळीच धाडतो, त्याची ती कबुली त्याच्या ज्ञानाचाच भाग असते. त्याची पारख प्राणी धडधाकट असताना, लसीच्या किंवा जंताच्या औषधाच्या एखाद्या साध्या भेटीतच करून ठेवावी, कारण आजारी प्राणी मांडीवर असताना रात्री अकराला केलेली निवड बहुधा नाइलाजाचीच असते.